सात आसनांचें प्रवहण : पुण्याहून गुहागर व दाभोळ

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकांत वसंतसेना भलत्याच गाडींत जाऊन बसते आणि पुढील सारा अनर्थ त्या एका अदलाबदलींतून उद्भवतो, हें संस्कृत नाटकांची गोडी असलेल्या वाचकांस सांगणें नलगे. त्या पडदे सोडलेल्या बैलगाडीस नाटककारानें ‘प्रवहण’ हा शब्द योजिला आहे. रथ हा योद्ध्याचा, शकट हें धान्याचें, आणि प्रवहण हें घरच्या मंडळींचें वाहन. हल्लीं जिला ‘मिनीव्हॅन’ अथवा नुसतें ‘सेव्हन सीटर’ म्हणतात, त्या गाडीला आमच्या मतें याहून नेमका प्रतिशब्द मिळणें कठीण. कोण कोठें बसतें यावर त्या नाटकांत जीवनमरण अवलंबून होतें. आमच्या गुहागरच्या प्रवासांत तितकें नसलें, तरी बरेंच कांहीं अवलंबून होतें. आणि तेंच येथें सांगावयाचें आहे.

या जातीच्या गाड्यांचें वय फार नाहीं. अमेरिकेंत १९८३ च्या अखेरीस क्रायस्लर कंपनीनें अशी गाडी बांधावयास घेतली. पुढच्या वर्षीं फ्रान्समध्यें रेनोची ‘एस्पास’ निघाली. आपल्याकडे त्याच १९८४ सालीं मारुतीची व्हॅन आली व पुढें ती ‘ओम्नी’ या नांवानें घरोघर माहीत झाली. कित्येक मराठी कुटुंबांनीं आपलें पहिलें तुळजापूर आणि पहिलें गणपतीपुळें तिच्याच सरकत्या दारांतून पाहिलें. त्यानंतर २००० सालीं ‘क्वालिस’, २००५ सालीं ‘इनोव्हा’ व २०१२ सालीं ‘अर्टिगा’ अशा गाड्या आल्या, आणि एकत्र कुटुंबानें एका वेळीं, एका गाडींतून निघावें ही कल्पना मध्यम स्थितींतील घरांच्याही आवांक्यांत आली.

आमचें घर सात माणसांचें. कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, वय ७८. आम्ही व आमचें कुटुंब. पुतण्या, त्याची पत्नी, आणि त्यांचीं दोन अपत्यें, नात दहा वर्षांची व नातू पांच वर्षांचा. गेल्या दसऱ्यास पुतण्यानें सात आसनांची नवी गाडी घेतली. तिचें व तिच्या कारखान्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें थोड्याफार फरकानें अशा कोणत्याही गाडीच्या धन्यास लागू पडेल.

गाडी लांबीला सुमारें साडेचौदा फूट, आणि आंत दोन, तीन व दोन अशा आसनांच्या तीन रांगा. दुकानांत विक्रेता गृहस्थाला पुढें बसवितो, वातानुकूलन सुरू करतो आणि गुळगुळीत रस्त्यावरून एक फेरी मारून आणतो. तिसऱ्या रांगेंत कोणी बसून पाहिलें काय, हें तो विचारीत नाहीं. सातही आसनें उभीं असतां मागें डिकींत दोन हातपिशव्या व एक पाण्याचा कॅन एवढेंच राहतें. शेवटची रांग आडवी पाडली तर चार मोठ्या बॅगा सुखानें मावतात. पण मग दोन माणसांनीं घरीं राहावयास हवें. जाहिरातींत सात माणसें एका चित्रांत असतात आणि बॅगा दुसऱ्या चित्रांत, याचें रहस्य सामान भरण्याच्या वेळीं उलगडतें.

माघ महिन्यांत कुलदैवताच्या दर्शनाचा बेत ठरला. आमचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. गुडघेदुखीमुळें वहिनींना अकरा वर्षें तेथें जातां आलें नव्हतें. एस्टीची पायरी त्यांना चढवत नसे, आणि जुन्या लहान गाडींत सर्वांना जागा नसल्यामुळें दर वेळीं घरांतील अर्धी मंडळी जात व अर्धी प्रसादाची वाट पाहत. नव्या गाडीची पायरी मात्र ठेंगणी. वहिनी तिच्यांत कोणाचा हात न धरतां चढल्या, तेव्हां गाडीसाठीं काढलेलें सारें कर्ज सार्थकीं लागलें असें पुतण्या म्हणाला, आणि तें कोणालाच अतिशयोक्तीचें वाटलें नाहीं.

पहाटे साडेपांचला पुणें सोडलें. वहिनी मधल्या रांगेंत डाव्या बाजूस, त्यांच्याजवळ आमचें कुटुंब व नात. पुढें पुतण्या व आम्ही. आणि अगदीं मागें धाकट्याला घेऊन सूनबाई, अशी व्यवस्था होती. शिरवळ, सातारा मागें पडले. महामार्गावर गाडी स्थिर चालते, आवाज करीत नाहीं, आणि एकानें सांगितलेली गोष्ट सर्वांस ऐकूं येते. हे तिचे गुण मोकळ्या मनानें सांगितले पाहिजेत. उंब्रजला उजवीकडे वळून चाफळचा फांटा गेला. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या तेथील राममंदिरास गाडींतूनच हात जोडले व पाटणचा रस्ता धरिला.

या रस्त्यावर गाडीचा पहिला दोष कळून आला. मागील आसनांकडे जाण्यास स्वतंत्र दार नाहीं. मधल्या रांगेचें डावें आसन दुमडून पुढें सरकवावें, तेव्हां वाट होते. त्यामुळें पांच वर्षांच्या मुलास खालीं उतरावयाचें झालें कीं अठ्याहत्तर वर्षांच्या वहिनींनीं आधीं उतरावें, असा प्रकार. पाटणपर्यंत हें चार वेळां झालें. दुसरा दोष हवेचा. छताला मागच्या मंडळींसाठीं पंखा आहे; परंतु त्याला स्वतःचें निराळें शीतयंत्र नाहीं. तो पुढची गार हवा ओढून मागें ढकलतो, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां तिचा गारवा संपतो. मागच्या खिडक्या उघडत नाहींत. शिवाय आम्ही पश्चिमेस चाललों असल्यामुळें सकाळचें ऊन मागील कांचेंतून नेमकें त्या दोन आसनांवर येत होतें. वातानुकूलनाचीं बटणें पाटीवर नसून पडद्यावर आहेत. तेव्हां हवा वाढवावयाची तर चालकानें रस्त्यावरची दृष्टि काढून चित्रांत बोट घालावें. पुतण्यानें तसें करूं नये असें आम्हीं ठरविलें व तें काम आमच्याकडे घेतलें.

कोयनानगरास चहासाठीं थांबलों. येथील धरण १९६४ सालीं पुरें झालें. त्याची उंची १०३ मीटर, आणि शिवसागर जलाशयांत सुमारें १०५ टीएमसी पाणी मावतें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथें मोठा भूकंप होऊन सुमारें १८० माणसें दगावलीं. मूळची कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. परंतु धरणाचें पुष्कळसें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस सोडून त्यावर वीज काढतात, आणि तें पुढें वाशिष्ठींतून अरबी समुद्रास मिळतें. एकाच पाण्यास दोन समुद्र कसे लाभतात, हें आम्ही नातीला समजावून देत होतों, तोंच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भूगोल नंतर. सूनबाईनें सातारा सोडल्यापासून एक शब्द काढलेला नाहीं.”

पाहतों तों सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्यांना मळमळत होतें, घाम सुटला होता, आणि मांडीवर झोंपलेल्या मुलास हालवूं नये म्हणून पाय अवघडून गेले होते. आधीं कां सांगितलें नाहीं असें विचारतां त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुमच्यापैकीं कोणाला तरी मागं यावं लागलं असतं, काका.”

यावर वहिनींनीं निर्णय दिला. “मी पुढें बसतें, तिथें माझे गुडघे सुटतात. ही मधें येऊं दे. आणि मागें आतां घरांतल्या पुरुषानें बसावें. गाडी चालविणारा सोडून दुसरा पुरुष एकच आहे.”

तेव्हां कोयनानगरापासून पुढें शेवटच्या रांगेंत आम्ही आणि आमची नात. त्या आसनाची पाठ ठीक आहे. परंतु तळ उंच व बैठक ठेंगणी असल्यामुळें गुडघे छातीशीं येतात. उकिडवें आणि सुखासन यांच्या मधलें हें एक आसन आहे, ज्याचा निर्देश कोणत्याही योगग्रंथांत नाहीं. डोक्यामागें वीतभर अंतरावर कांच. नातीला मात्र जागा पुरेशी होती व ती खुशींत होती. यावरून एवढें ठरतें कीं, शेवटची रांग लहान मुलांसाठीं व थोड्या वाटेसाठीं आहे. प्रौढ माणसाला तेथें तीन तास बसविणें ही त्याची परीक्षा पाहणें होय. बहुतेक घरांत ती परीक्षा सुनेची होते. कारण ती बोलत नाहीं, आणि घरचा कर्ता गृहस्थ पुढें बसलेला असल्यामुळें त्याला मागें पाहावें लागत नाहीं.

कुंभार्ली घाट उतरूं लागलों. सात माणसांचा भार घेऊन घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरांत ठेवावी व ब्रेकवर पाय दाबून धरूं नये; ब्रेक तापले म्हणजे धरीत नाहींत. पुतण्या हें जाणतो व तसाच चालवीत होता. एका वळणावर समोरून एस्टी आली. त्यानें ब्रेक लावला, आणि मधलें डावें आसन खटकन् आवाज करून सूनबाईंसकट चांगलें हातभर पुढें सरकलें. त्यांनीं पट्टा बांधलेला होता, म्हणून त्या पुढच्या आसनावर आदळल्या नाहींत. धाकटा आमच्या कुटुंबाजवळ होता, तोही पट्ट्यानें बांधलेला. कोणास इजा झाली नाहीं. परंतु घाट संपेपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

पोफळीस गाडी सावलींत उभी करून आसन तपासलें. मागें जाण्याची वाट करण्यासाठीं हेंच आसन पुनःपुन्हां सरकवावें लागतें, आणि परत बसवितांना त्याची खिटी रुळाच्या खांचेंत पुरती शिरत नव्हती. वरून पाहणाऱ्याला आसन घट्ट बसलें असेंच वाटे. जोराचा हिसका बसतांच तें सुटे. याच आसनाच्या खुळखुळीविषयीं पुतण्यानें सर्व्हिस स्टेशनांत पूर्वीं दोन वेळां सांगितलें होतें, आणि दोन्ही वेळां कागदावर ‘तपासलें, ठीक आहे’ असा शेरा मिळाला होता. अगदीं शेवटच्या खांचेंत मात्र खिटी पक्की बसते असें दिसून आलें. तेव्हां आसन तेथें बसवून, मागें जाण्याची ती वाट प्रवास संपेपर्यंत बंद केली. शेवटच्या रांगेंतील आम्हां दोघांना यापुढें डिकीच्या दारानें चढावें व उतरावें लागलें. चिपळुणांत एका खाणावळीसमोर आम्ही मागच्या दारानें उतरलों, तेव्हां तेथील मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

चिपळूण २२ जुलै २०२१ च्या महापुरांत बुडालें होतें. पुराच्या पाण्याची रेघ कोठवर आली होती, हें बाजारांतील दुकानदार अजूनही हात वर करून दाखवितात. तेथून गुहागर सुमारें ४५ किलोमीटर. मार्गताम्हाणें सोडून शृंगारतळीच्या अलीकडे टायर पंक्चर झाला, आणि गाडीचा आणखी एक विशेष कळला. स्टेपनी गाडीच्या पोटाखालीं टांगलेली. ती उतरविण्याचा मळसूत्री खिळा डिकीच्या तळाशीं. म्हणजे आधीं सर्व सामान रस्त्यावर काढावें, मग दांडा घालून फिरवावा, मग चाक धुळींतून ओढून काढावें. फराळाचे डबे, अभिषेकाचें तांब्याचें पात्र व नातवाचें अंथरूण रस्त्याच्या कडेला मांडून बसलेलें आमचें कुटुंब पाहून एक टेंपोवाला थांबला, पाऊण तास खपला, आणि चहाचे पैसे देखील घेईना.

तिन्हीसांजेस व्याडेश्वराच्या देवळांत पोहोंचलों. नारळी-पोफळींच्या वाड्या, मागें समुद्राचा घोष, आणि फरसबंद अंगणांत गार वारा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अभिषेक झाला. वहिनी एका खुर्चीवर बसल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीं त्या आल्या तेव्हां बंधु बरोबर होते. त्यांनीं त्या वेळीं देवापुढें ठेवलेला नारळ कोणत्या बाजूस ठेविला होता, तें त्यांनीं नातीला बोटानें दाखविलें. एरवीं अर्धें घर पुण्यास राहिलें असतें, तर हें पाहावयास त्या अर्ध्यांतील कोणीच नसतें. गाडीविषयीं आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या वहींत ही जमेची बाजूही लिहिली पाहिजे.

वेळणेश्वर व हेदवीचा दशभुज गणेश यांचें दर्शन घेऊन तिसऱ्या दिवशीं धोपाव्यास आलों. वाटेंत अंजनवेलच्या बाजूस वीजप्रकल्प लागतो. त्याला दाभोळचें नांव मिळालें असलें, तरी तो आहे खाडीच्या अलीकडच्या, गुहागरच्या कांठावर. धोपाव्याहून फेरीबोट गाड्यांसकट माणसांना खाडीपार दाभोळास नेते, आणि चिपळूण-खेडकडून पडणारा मोठा वळसा वांचतो. ओहोटी असल्यामुळें धक्क्याचा उतार तीव्र झाला होता. पुढच्या व मागच्या चाकांत अंतर फार, आणि सात माणसांच्या भारानें बुडाशीं दबलेली ही गाडी बोटीच्या फळीवर पोटानें घासली. बोटीवरच्या खलाशानें सर्वांना उतरविलें. भार जातांच गाडी दोन बोटें वर उचलली, आणि ती तिरकी घेऊन त्यानें अलगद आंत आणविली. हें ज्ञान गाडीबरोबर मिळालेल्या जाड पुस्तकांत कोठें नाहीं.

दाभोळ बहामनी काळांत मोठें बंदर होतें. आज मासळी व फेरीबोट यांवर गांव जागें असतें. तेथून दापोलीकडे जातांना महर्षि धोंडो केशव कर्व्यांच्या मुरुडास मुद्दाम गेलों. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षांत पदार्पण केलेल्या या वृद्धास भारतरत्न अर्पण झालें. स्त्रीशिक्षणासाठीं त्यांनीं काय सोसलें तें सूनबाईंनीं मुलांना सांगितलें. या वेळीं मास्तरकीचें काम आमच्याकडे नव्हतें. परत येतांना महाड, माणगांव व ताम्हिणी घाट या मार्गानें आलों. मुळशीचें पाणी दिसूं लागलें तसा १९२१ चा मुळशी सत्याग्रह व सेनापति बापट यांचा विषय निघाला, आणि तो संपण्यापूर्वींच पौड आलें.

आतां तक्रारीचें काय झालें, तें सांगतों. कारण वाचकांपैकीं पुष्कळांना त्याचाच उपयोग होईल. पुतण्यानें पुन्हां सर्व्हिस स्टेशन गांठलें. तेथील व्यवस्थापक म्हणाले, “या गाडींत एवढा खुळखुळाट असतोच.” तेव्हां आम्हीं तोंडी बोलणें थांबविलें. गाडी घेतल्याची तारीख, पूर्वींच्या दोन जॉबकार्डांचे क्रमांक, घाटांतील प्रकाराचा दिवस व वेळ, आणि अर्धवट बसलेल्या खिटीचीं छायाचित्रें, इतकें एका पानांत मांडून तें पत्र दुकानास व कारखान्याच्या ग्राहकविभागास धाडलें. त्यांत एकही विशेषण घातलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांचे निबंध तपासून आम्ही एवढें शिकलों आहों कीं, जेथें तारखा असतात तेथें विशेषणांची गरज पडत नाहीं. नवव्या दिवशीं बोलावणें आलें. या वेळीं एक तरुण मेकॅनिक स्वतः त्या आसनावर बसला, त्यानें तें दहा-बारा वेळां मागेंपुढें केलें, आणि खिटी ओढणारी तार फार ताणून बसविली असल्यामुळें खिटी पुरती खालीं येत नाहीं, हें दाखवून दिलें. रूळ व तार दोन्ही वॉरंटींत बदलून मिळालीं. दोन जॉबकार्डांत जें सांपडलें नव्हतें, तें त्या आसनावर माणूस बसतांच सांपडलें.

दाद लागली नसती तरी मार्ग होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें जातां येतें. दुकान वा कारखाना परगांवीं असला तरी हरकत नाहीं. त्यापूर्वीं सल्ला घेण्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे. मात्र या सर्व ठिकाणीं कागद लागतात. म्हणून प्रत्येक खेपेस जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी, आणि ‘ठीक आहे’ या शेऱ्याखालीं समाधान झाल्याविना सही करूं नये.

गाडी घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांना चार गोष्टी सुचवितों. दुकानांत जातांना घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणूस बरोबर न्यावें, आणि सातहीजण बसवूनच फेरी मारावी. सामानाच्या दोन बॅगा घेऊन जाव्या. मागच्या रांगेस हवा व पट्टे आहेत कीं नाहींत तें पाहावें. पट्टा मागच्यांनींही बांधावयाचा असतो, आणि आमच्या घरीं त्यानें काय वांचविलें तें वर सांगितलेंच आहे. चालकाच्या दाराच्या खांबावर टायरांतील हवेचा तक्ता असतो. भरल्या गाडीसाठीं त्यांत निराळा आंकडा दिलेला असतो, तो प्रवासाआधीं वाचावा. नोंदणीच्या कागदांत जितकीं आसनें लिहिलीं आहेत त्यांहून एकही माणूस अधिक घेऊं नये, मग तो कितीही जवळचा पाहुणा असो.

आणि ज्यांच्या नांवावर गाडी आहे त्यांनीं पहिल्याच लांबच्या प्रवासांत निदान एक तास शेवटच्या आसनावर बसावें. आमच्या घरीं आतां तसा नियमच झाला आहे : पुढचें आसन वहिनींचें, आणि मागचें दर पन्नास किलोमीटरांनीं पाळीपाळीनें सर्वांचें. येत्या मे महिन्यांत नरसोबाच्या वाडीस जावयाचें आहे. मागच्या कांचेला नातीनें आतांच जुन्या धोतराचा पडदा शिवून लावला आहे.